सापाचे ताट कोठे मांडावे?

“मामा, सापाला जेवायला कोठे घालायचे?”

रविवारी सकाळी फोनवर हा प्रश्न कानी पडला आणि हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. बोलत होता माझा भाचा. माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहते. तिचा हा मुलगा नववीत आहे. त्याच्याकडे बॉल पायथन जातीचा एक लहान अजगर आहे. लांबी हातभरापेक्षा थोडी जास्त, स्वभाव अगदी शांत. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून त्याचे नाव ‘बॉल’. हे साप मूळचे पश्चिम व मध्य आफ्रिकेतले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पुष्कळ लोक ते रीतसर पाळतात. ते विषारी नसतात.

आदल्या रात्री काय झाले ते भाच्याने सांगितले. “सापाला त्याच्या काचपेटीत कधी खायला घालू नकोस. पेटीत हात घातला की अन्नच आले असे त्याला वाटेल आणि तो चावायला शिकेल,” असे त्याला कोणीतरी बजावले होते. म्हणून त्याने सापाला न्हाणीघरात नेले, प्लॅस्टिकच्या एका रिकाम्या डब्यात ठेवले आणि तेथे उंदीर दिला. सापाने उंदीर गिळला. भाच्याने त्याला परत पेटीत ठेवण्यासाठी हात पुढे केला, तोच सापाने झडप घालून त्याचा अंगठा पकडला! जखम किरकोळ होती, पण पहाटे सापाने गिळलेला उंदीरही ओकून टाकला.

“आई म्हणते, पुढच्या रविवारी साप घरातून जायलाच हवा. मामा, चूक कोणाची? सापाची की माझी? तू फिजिक्स शिकवतोस ना, मग सांग.”

भौतिकशास्त्राचा आणि सापाच्या जेवणाचा काय संबंध, असे तुम्हांलाही वाटेल. पण विद्यार्थी मित्रहो, उष्णता, प्रारण आणि तापमान ही तुमच्या पाठ्यपुस्तकातली तीन प्रकरणे उघडल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. भाच्याला मी एक काम सांगितले: “थर्मामीटर घे आणि मला तीन आकडे दे. न्हाणीघराच्या फरशीचे तापमान, पेटीच्या उबदार बाजूचे आणि पेटीच्या थंड बाजूचे.”

आकडे आले ते फॅरनहाइटमध्ये: ६६, ९० आणि ७८. त्यांचे सेल्सिअस अंश तुम्हीच काढा. ३२ वजा करायचे आणि ५/९ ने गुणायचे. उत्तरे सुमारे १९, ३२ आणि २६ अशी येतात. हे तीन आकडे लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

ओठांवरचे उष्णतामापक

बॉल पायथनच्या वरच्या ओठाकडे नीट पाहिले तर तेथे लहान लहान खळग्यांची एक रांग दिसते. आपल्याकडच्या भारतीय अजगराच्या ओठांवरही अशा खळग्या असतात. सह्याद्रीत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याला डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एक-एक खळगी असते. नाग, धामण किंवा घोणस यांना मात्र अशा खळग्या नसतात.

या खळग्यांनी साप उष्णता ‘पाहतो’. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. सूर्याचा पृष्ठभाग अतिशय तप्त असल्यामुळे त्याचे बरेचसे प्रारण आपल्या डोळ्यांना दिसते. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०६ केल्व्हिन. वीनच्या नियमाप्रमाणे २८९८ ला ३०६ ने भागले की सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मिळते: सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या टप्प्यातला असतो. म्हणजे आपला हात अंधारातही ‘उजळलेला’ असतो, पण तो उजेड अवरक्त असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. सापाला मात्र त्याची चाहूल लागते.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील थिओडोर बुलक आणि त्यांचे सहकारी यांनी रॅटलस्नेक या सापाच्या खळगीतून निघणारे मज्जातंतूंचे विद्युत्-संदेश मोजले. खळगीतल्या पडद्याचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात तीनने, म्हणजे ०.००३ अंशाने बदलले तरी संदेशात फरक पडतो, असे त्यांना आढळले. हे कसे साधते? रॅटलस्नेकच्या खळगीतला पडदा अवघा १५ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि तो हवेत ताणलेला असतो. वस्तुमान जितके कमी, तितकी थोड्या उष्णतेने होणारी तापमानवाढ जास्त. पातेलेभर पाणी तापायला वेळ लागतो, पण पळीतले पाणी लगेच तापते, तसेच हे. अजगरांच्या खळगीत असा ताणलेला पडदा नसतो. तेथे मज्जातंतूंची टोके खळगीच्या तळाशी असतात, म्हणून त्यांची संवेदनक्षमता कमी असते. तरीही अंधाऱ्या बिळात बसलेल्या उंदराची जागा हेरायला ती पुरते.

ही जाणीव कोणत्या प्रथिनामुळे होते याचा शोध २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्या प्रथिनाचे नाव टीआरपीए-१. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी ज्यूलियस व आर्डेम पटापूशियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब करू

स्टेफानचा नियम सांगतो की, पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण केल्व्हिन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. सापाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्यातला फरक. काळ्या फळ्यावर पांढरा खडू उठून दिसतो, पांढऱ्या भिंतीवर दिसत नाही. तसाच हा प्रकार.

३०६ केल्व्हिनचा हात तीन ठिकाणी ठेवून पाहू. पृष्ठभाग सगळे सारख्याच तऱ्हेचे आहेत असे धरू.

पेटीची उबदार बाजू, ३२ अंश म्हणजे ३०५ केल्व्हिन. ३०६ भागिले ३०५, या गुणोत्तराचा चौथा घात १.०१३. हात पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम सव्वा टक्क्याने ‘उजळ’.

पेटीची थंड बाजू, २६ अंश म्हणजे २९९ केल्व्हिन. चौथा घात १.०९७. हात जवळजवळ १० टक्क्यांनी उजळ.

न्हाणीघर, १९ अंश म्हणजे २९२ केल्व्हिन. चौथा घात १.२०६. हात २० टक्क्यांहून अधिक उजळ!

पाहिलेत? चावा टाळण्यासाठी जी जागा निवडली, तेथेच हात सर्वांत ठळक दिसत होता. पेटीच्या थंड बाजूच्या दुप्पट ठळक. त्यात भर म्हणून भाच्याच्या बोटांना उंदराचा वास लागलेला होता, कारण उंदीर त्याने हातानेच डब्यात टाकला होता. साप जीभ बाहेर काढून हवेतले गंधकण टाळूतल्या एका इंद्रियापर्यंत नेतो. म्हणजे सापाची दोन्ही उपकरणे एकच वाचन दाखवत होती: “ऊब आहे, वास उंदराचा आहे.” दोन स्वतंत्र उपकरणे एकच उत्तर देत असतील तर आपण प्रयोगशाळेत काय करतो? त्यावर विश्वास ठेवतो. सापानेही तेच केले. तो चिडला नव्हता, आणि उपकाराची फेड अपकाराने करावी असा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता. त्याच्या मापनात घोटाळा झाला होता, आणि तो घोटाळा आपण करून दिलेला होता.

‘पेटीत खाऊ घातले की चावायला शिकतो’ हे कितपत खरे?

या समजुतीला थोडा आधार आहे, तो आधी मान्य करू. एखादी गोष्ट घडली की दर वेळी अन्न येते, असे झाले तर प्राणी त्या गोष्टीची अन्नाशी सांगड घालतो. पेटीचे झाकण फक्त अन्न द्यायच्याच वेळी उघडत असेल, तर झाकण उघडणे हीच जेवणाची घंटा ठरेल.

पण मोजून पाहा. लहान साप आठ-दहा दिवसांतून एकदा खातो. त्याचे पाणी मात्र रोज बदलावे लागते. म्हणजे दहा वेळा झाकण उघडले तर नऊ वेळा अन्न नसते. ही सांगड कच्चीच राहणार. ती आणखी कच्ची करायची असेल तर एक साधी युक्ती आहे. सापाला उचलायचे असेल तेव्हा आधी त्याच्या अंगाला मधोमध कागदाच्या सुरळीने किंवा बोथट काठीने हलकेच स्पर्श करावा. अन्न देताना हा स्पर्श कधीही करू नये. काही दिवसांत ‘स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही’ हा संकेत पक्का होतो. अनुभवी सर्पपालक हे करतात.

आता दुसऱ्या जागी नेऊन खाऊ घालण्याचा हिशेब करा. त्यात सापाला दोनदा उचलावे लागते, आणि त्यांपैकी दुसऱ्यांदा तो नुकताच शिकार करून अजून शिकारीच्याच पवित्र्यात असतो. म्हणजे ज्या क्षणी हात दूर असायला हवा, त्याच क्षणी तो आपण जवळ नेतो.

पेटीतल्या भुशाचा आक्षेपही घेतला जातो. उंदराला भुसा चिकटून तो पोटात जाईल, अशी भीती असते. त्याला उपाय सोपा: खाली सपाट फरशीचा तुकडा, ताटली किंवा कागद ठेवावा.

पोटातली भट्टी

अंगठ्याचा उलगडा झाला. पण साप ओकला का?

साप स्वतःचे शरीर आपल्यासारखे आतून तापवून ठेवत नाही. त्याची ऊब बाहेरून येते. तापमान १० अंशांनी उतरले की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. ३२ वरून १९ म्हणजे १३ अंशांची घसरण. साप तेवढा थंड झाला तर वेग मूळच्या दोन-पंचमांशापासून पावपटीपर्यंत खाली येईल. इकडे पोटात अख्खा उंदीर आहे. तो पाचक रसांनी विरघळेल तरी, नाहीतर आतल्या जीवाणूंनी कुजेल तरी. ही शर्यत आहे. भट्टी मंदावली आणि शर्यत हरायची वेळ आली, तर साप अन्न बाहेर टाकून जीव वाचवतो.

ही भट्टी पेटवणे सापाला सोपे नसते. आग्नेय आशियातील बर्मी अजगरावर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. भरपेट खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत त्याचा प्राणवायूचा वापर अनेक पटींनी वाढतो आणि आतड्याचे अस्तर जाड होते. त्याच्या हृदयाचे वस्तुमान दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपण जेवून उठल्यावर आपले हृदय जवळजवळ दीडपट झाले तर! अशा अवस्थेत त्याला उचलणे, वाकवणे, पोटावर दाब देणे म्हणजे चालत्या यंत्रात हात घालण्यासारखेच आहे. म्हणून खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला हात लावू नये.

भाच्याच्या बाबतीत मला तिसराही एक संशयित सापडला. उंदीर गोठवलेला होता आणि त्याने तो फक्त दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवला होता. बाहेरून ऊब लागली, पण आत? उष्णता वहनाने आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. बोटाएवढ्या पिलाला पुरणारा वेळ मोठ्या उंदराला पुरत नाही. त्याच्या मध्यभागी बर्फ राहिला असण्याची शक्यता होती. गोठलेला उंदीर आधी शीतकपाटात रात्रभर सावकाश वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ऊब द्यावी. मायक्रोवेव्ह भट्टी मात्र वापरू नये, कारण तिच्यात तो एकसारखा तापत नाही. एक भाग शिजतो आणि शेजारचा थंड राहतो.

तीन संशयित आणि एक जीव

आता विचार करण्याजोगा मुद्दा येतो. संशयित तीन: उचलणे, थंड फरशी आणि अर्धवट गोठलेला उंदीर. प्रयोगशाळेत आपण काय शिकतो? एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, म्हणजे कारण नेमके कळते. भाचा म्हणाला, “मग पुढच्या वेळी मी फक्त उंदीर नीट वितळवून देतो. बाकी सगळे तसेच ठेवून पाहू.”

मी त्याला थांबवले. दोलकाच्या प्रयोगात वाचन चुकले तर आपण ते पुन्हा घेतो, दोलकाची काही तक्रार नसते. येथे प्रत्येक चुकलेल्या वाचनाची किंमत एक जिवंत प्राणी देणार आहे. ओकताना सापाचे पाणी आणि पाचक रस वाया जातात. वारंवार असे घडले तर साप खंगून मरतो. म्हणून येथे नेमके कारण कळण्याचा हट्ट सोडायचा आणि तिन्ही गोष्टी एकदम सुधारायच्या. कारण कोणते हे कदाचित कधीच कळणार नाही. न कळो. ज्ञानाची हौस भागवायला दुसऱ्याचा जीव टांगणीला लावू नये, हाही विज्ञानाचाच नियम आहे, जरी तो सूत्रात मांडलेला नसला तरी.

भाच्याला मी लिहून दिलेली यादी अशी:

१. दोन आठवडे उपास. फक्त ताजे पाणी. त्यानंतर पहिला घास नेहमीच्या निम्म्या आकाराचा.
२. खाऊ घालायचे ते त्याच्याच पेटीत, दिवेलागणीनंतर. ही जात निशाचर आहे.
३. पेटीची एक बाजू ३२ व दुसरी २६ अंशांच्या आसपास. कोठे बसायचे ते सापाला ठरवू दे.
४. जिवंत उंदीर देऊ नये. घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडतो. मेलेला, पूर्ण वितळवलेला आणि ऊब दिलेला द्यावा.
५. उंदीर हाताने नव्हे, लांब चिमट्याने धरावा.
६. घरात दोन साप असतील तर ते एकत्र ठेवून कधीही खाऊ घालू नये.
७. आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात. सापाची भांडी स्वयंपाकघरात नेऊ नयेत.
८. चावलाच तर हात हिसकू नये. त्याचे दात आत वळलेले असतात. हिसकले की जखम वाढते आणि दात तुटतात.

चिमटा का, हेही प्रारणाच्या नियमावरून समजते. लहान उगमापासून मिळणारे प्रारण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. उंदीर सापापासून ५ सेंटिमीटरवर आणि हात ३५ सेंटिमीटरवर असेल, तर अंतर सातपट झाले. तेवढ्याच आकाराच्या उगमाचे प्रारण ४९ पटींनी घटले. हात उंदराच्या दुप्पट मोठा धरला तरी घट जवळजवळ पंचवीसपट. सापाला उंदीर स्पष्ट दिसतो, हात मात्र अंधुक होतो. येथे अंतर हेच आपले चिलखत.

करून पाहा

या प्रयोगाला साप नको. सारख्या आकाराचे दोन स्टीलचे पेले घ्या. दोन्हींना बाहेरून साधा कागद गुंडाळा. एकात चांगले गरम पाणी घाला (उकळते नको), दुसऱ्यात नळाचे. मित्राला ते टेबलावर मांडायला सांगा आणि डोळे मिटून आपला गाल पेल्याच्या बाजूला ५ सेंटिमीटरवर आणा. गाल पेल्याच्या वर नेऊ नका, कारण वर चढणारी गरम हवा उत्तर फोडते. गरम पेला कोणता ते ओळखता येते का? दहा वेळा करा आणि बरोबर उत्तरे मोजा. मग अंतर १० व १५ सेंटिमीटर करून पाहा. शेवटी गरम पेल्याचा कागद काढून टाका आणि चकचकीत स्टीलसमोर गाल न्या. काय फरक पडला? का पडला?

आपल्या घरी मात्र नको

हे सगळे वाचून कोणी धामण पकडून आणू नका. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातले साप पकडणे आणि घरी बाळगणे गुन्हा आहे. परदेशी वन्यप्राण्यांसाठीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम आले आहेत. घरात साप निघाला तर अंतर राखा आणि वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवणाऱ्यांनाही हे समजावून सांगा: साप सस्तन प्राणी नाही आणि दूध हे त्याचे अन्न नाही. गारुड्याने तहानलेला ठेवलेला नाग पाणी समजून ते पितो, आणि ते त्याला बाधते.

परदेशातही साप पाळणे हा खेळ नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या पाणथळ रानात बर्मी अजगर वाढले आहेत. हौस फिटलेल्या लोकांनी सोडून दिलेले आणि पाळणाऱ्यांच्या ताब्यातून निसटलेले हे प्राणी. तेथील सस्तन प्राण्यांची त्यांनी दाणादाण उडवली आहे. ते आणणाऱ्यांनी आधी हिशेब केला असता तर?

भाच्याचे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. माझ्या बहिणीने तीन महिन्यांची मुदत दिली. भाच्याने वही घातली: तारीख, दोन्ही बाजूंचे तापमान, उंदराचे वजन, खाल्ले की नाही. तीन महिन्यांत नऊ नोंदी झाल्या. चावा एकही नाही, उलटी एकही नाही. रविवारी फोन आला तेव्हा मागून बहिणीचा आवाज ऐकू आला, “साप राहू दे म्हणावं. पण ती वही दर महिन्याला मला दाखवायची.”

चूक कोणाची, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही. वही घातल्यावर त्याने ते पुन्हा विचारले नाही.

विचार करा

१. उबदार बाजूला, ३२ अंशांच्या पार्श्वभूमीवर, ३८ अंशांचा उंदीर किती टक्क्यांनी उजळ दिसेल? आणि थंड बाजूला?
२. हाताला चामड्याचा मोजा घातला तर सापाला हात अंधुक दिसेल का? लगेच आणि अर्ध्या तासाने, अशी दोन उत्तरे द्या.
३. नागाला उष्णतेच्या खळग्या नाहीत. मग तो अंधारात उंदीर कसा शोधत असेल?